इंकव्हेंटच्या शाया आणि माझी संक्रांतीची कार्डं

आधीच सांगून टाकते, ही शाई खरी फाउंटन पेनवाल्यांसाठी असते आणि मी फाउंटन पेनवाली नाही. माझ्याकडे एकच पेन आहे, दहावीला बाबांनी दिलेलं, आणि तेही गळतं. मी कार्डं करते. दिवाळी, संक्रांत, बारसं, मुंज, कुणाची साठीशांत, असं वर्षभर काही ना काही चालूच असतं. डायनिंग टेबलचं एक टोक कायमचं माझं, तिथे कटर, स्टीलची पट्टी, टाक, चार दौती आणि मांजराने एकदा सांडलेल्या निळ्या शाईचा डाग, जो आता घरच्यांना दिसतही नाही. तर डायमाइनच्या इंकव्हेंट शायांबद्दल नेटवर जे काही वाचायला मिळतं ते सगळं पेन, निबची जाडी आणि जपानी वह्या याबद्दल असतं, कार्डावर ही शाई कशी वागते ते कुणी नीट सांगत नाही. मी दोन अडीच वर्षं वापरली, बऱ्यापैकी नासवली पण, म्हणून लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डायमाइन ही इंग्लंडमधली जुनी शाई कंपनी, 1864 साली लंडनमध्ये सुरू झाली आणि 1925 पासून लिव्हरपूलला आहे. तिकडे नाताळच्या आधी मुलांना ॲडव्हेंट कॅलेंडर देतात, म्हणजे पुठ्ठ्याचा मोठा खोका, त्याला छोट्या छोट्या खिडक्या, 1 डिसेंबरपासून रोज एक उघडायची आणि आत चॉकलेट. डायमाइनने 2019 मध्ये चॉकलेटच्या जागी शाई ठेवली, तेच हे इंकव्हेंट, इंक आणि ॲडव्हेंट मिळून. 25 खिडक्या, 24 छोट्या काचेच्या बाटल्या आणि नाताळच्या दिवशी एक मोठी. पहिल्या वर्षी छोट्या बाटल्या 7 मिलीच्या होत्या आणि शेवटची 30 ची. 2020 ला काढलंच नाही, मग 2021 ला लाल खोका आला, 2022 ला हिरवा, 2023 ला जांभळा, आणि बाटल्याही 12 मिलीच्या झाल्या. प्रत्येक खोका त्या त्या हंगामापुरताच, संपला की संपला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा नवरात्रातले नऊ रंगच आठवले, आज पिवळा उद्या हिरवा म्हणत आपण कपाट उपसतो ना, तसंच, फक्त यांचे पंचवीस आणि बाटलीत.

आता ते 'लिमिटेड एडिशन' प्रकरण. 2019 चा निळा खोका मी फोटोत बघितला तेव्हा डिसेंबर अर्धा संपला होता आणि खोके कधीच संपले होते. मग आपल्याकडचा एक विक्रेता सापडला, नाव घेत नाही, तो खोका फोडून एकेक रंग सुटा विकत होता, दोन दोन मिली, प्लॅस्टिकच्या नळीत, आणि प्रत्येक रंगापुढे 'शेवटचे 3 शिल्लक' असं लाल अक्षरात. मी घाबरून पाच रंग घेतले. आले तेव्हा एका नळीचं झाकण सैल, शाई पाकिटात, आणि उरलेल्या चारात एवढीशी शाई की टाक बुडवला तर निबचं टोकसुद्धा पूर्ण भिजेना. त्याला फोन केला तर म्हणे मॅडम कलेक्टर्स आयटम आहे, वापरायला नसतं घ्यायचं. शाई वापरायला नसते घ्यायची! तो वाक्प्रचार आमच्या घरात अजून चालतो, कालच नवरा श्रीखंडाच्या डब्याबद्दल म्हणाला.

आणि मग झालं काय, तर पुढच्याच वर्षी, 2020 मध्ये, डायमाइनने त्या निळ्या खोक्यातले रंग 50 मिलीच्या बाटल्यांमध्ये विकायला काढले. तेच रंग, तीच नावं. म्हणजे लिमिटेड होता तो खोका, ती रोज एक खिडकी उघडायची गंमत, रंग काही कुठे पळून गेला नाही. लाल खोक्याचे रंगही नंतर मोठ्या बाटल्यांत आले. हे माहीत असतं तर मी त्या नळ्यांच्या नादी लागले नसते, आणि हा सगळा लेख लिहिण्यामागचं अर्धं कारण हेच की तुम्हीही लागू नका. खोका संपला तर संपू दे, एक वर्ष थांबा. कार्ड करणाऱ्याला खोक्याची गरजच नाही, आपल्याला एका रंगाची पन्नास कार्डं करायची असतात, पंचवीस रंगांचं एकेक नव्हे.

माझ्या बाटल्या इंग्लंडमधल्या लेस्टरहून आल्या. धाकटी बहीण तिथे असते, डिसेंबरात चुलतभावाच्या लग्नाला आली तेव्हा चेक-इन बॅगेत लोकरीच्या मोज्यांमध्ये गुंडाळून सात बाटल्या घेऊन आली, एकही थेंब सांडला नाही. बिल विचारलं तर म्हणाली ताई तू मला पुरणपोळ्या बांधून दे फक्त. त्यामुळे किमतीबद्दल मी काही बोलू शकत नाही, पुरणपोळ्या बावीस झाल्या. रंग असे: हॉली, जॅक फ्रॉस्ट, विंटर मिरॅकल, पोलर ग्लो, गोल्ड स्टार, रोस्टेड चेस्टनट आणि कँडल लाइट. नावं सगळी तिकडच्या थंडीची आणि नाताळची, आणि मी त्यांनी लिहिणार 'तिळगूळ घ्या गोड बोला'. हॉली म्हणजे ते काटेरी पानांचं, लाल फळांचं झुडूप, जे मी फक्त चित्रात पाहिलंय. असू दे. शाईला काय कळतंय.

यात साधारण तीन जाती आहेत, आणि नंतरच्या खोक्यांमध्ये वासाच्या शायाही आल्या, पण त्या माझ्याकडे नाहीत. पहिली साधी, जशी कुठलीही शाई. दुसरी शिमरवाली, म्हणजे आत चमकी, अगदी बारीक, पिठासारखी, तळाशी बसते आणि हलवलं की वर येते. तिसरी शीनवाली. ही तिसरी समजवायला मला आधी फार त्रास व्हायचा, मग एकदा आई म्हणाली अगं ही तर धूपछाव, आणि खरंच, पैठणीत कसं ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, उभं राहिलं की हिरवी आणि वळलं की लालसर, अगदी तस्सं. फक्त इथे दोन धागे नसतात, शाईत रंगच इतका दाट असतो की सगळा कागदात मुरत नाही, उरलेला वर थर धरून वाळतो आणि तो थर उजेडात वेगळ्याच रंगाचा चमकतो. हॉली गडद हिरवी आहे आणि तिची धूपछाव लाल. पोलर ग्लो निळी, तिचीही लालकडे झुकणारी. आणि जॅक फ्रॉस्ट आणि विंटर मिरॅकलमध्ये शीन आणि शिमर दोन्ही, म्हणजे पैठणी नेसून वर जरीची शाल.

आता यातली मेख. शीन दिसायची तर शाई कागदावर थांबली पाहिजे, मुरता कामा नये. आणि माझी निम्मी कार्डं हातकागदावर! पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 सालची, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या काळातली, मी वर्षानुवर्षं तिथलेच कागद वापरते, त्या चिंध्यांच्या लगद्याच्या कागदाला जो हाताला स्पर्श आहे तो दुसऱ्या कशाला नाही. तर पहिली हॉली मी मोठ्या हौसेने त्याच कागदावर लावली, आणि काय, साधा बाटलीहिरवा. लाल कुठेच नाही. वर जिथे कागदाला खळ कमी होती तिथे शाई फुटली, वेलांटीला केसांसारखे धागे. चूक शाईची नाही आणि कागदाचीही नाही, चूक जोडी जमवणाऱ्याची, म्हणजे माझी. पूर्वी आपल्याकडे पोथ्यांचे कागद खळ लावून मग दगडाने किंवा शंखाने घोटायचे ते काय उगाच नाही, घोटलेल्या कागदावर शाई वर बसते. मी मग हातकागदाच्या एका बाजूला साबुदाण्याची पातळ खळ ब्रशने लावून, वाळवून, स्टीलच्या वाटीच्या बुडाने घोटून बघितलं. चक्क शीन आली! पूर्ण नाही, कडेकडेने, पण आली. त्या दिवशी मी घरात तीन जणांना ते कार्ड तिरकं करून दाखवलं आणि तिघांनीही 'छान आहे' एवढंच म्हटलं. लोकांना कदर नाही.

खरी शीन हवी असेल तर दोन कागद सांगते. एक, गुळगुळीत ब्रिस्टल किंवा चांगल्या प्रतीची आयव्हरी शीट. दोन, आणि हे माझं लाडकं, ट्रेसिंग पेपर. त्यात शाई मुरतच नाही, त्यामुळे हॉली त्यावर अशी लाल पेटते की काय सांगू. मी आता कार्डाच्या तोंडावर ट्रेसिंग पेपरचं एक पान लावते, दोऱ्याने शिवून, त्यावर नाव शीनवाल्या शाईने, आणि खाली हातकागद तसाच राहतो, दोघांचा मान राहतो. पण, आणि हा मोठा पण आहे, वर बसलेली शाई वरच राहते. वाळली असं वाटतं, बोट लावलं की बोट हिरवं. उन्हाळ्यात अर्ध्या तासात काम होतं, जुलैमध्ये पुण्यात मी रात्री लिहिलेलं कार्ड सकाळी पुसलं गेलंय. घामेजल्या हाताच्या माणसाने तर धरूच नये. यावर उपाय म्हणजे वाळल्यावर लांबून फिक्सेटिव्हचा, म्हणजे चित्र पुसू नये म्हणून मारतात त्या स्प्रेचा, एकच हलका फवारा, जास्त मारला तर धूपछाव मरते, किंवा सरळ पारदर्शक पाकिटात घालून द्यायचं. किंवा पावसाळ्यात शीनच्या वाटेला जायचंच नाही, जे मी आता करते.

शिमरचं वेगळं. शिमर कुठल्याही कागदावर दिसते, हातकागदावरसुद्धा, कारण चमकी मुरत नाही, वर राहते. गोल्ड स्टार हातकागदावर फार सुंदर, भडक नाही, देवघरातल्या समईच्या उजेडासारखी. पण दर दोन शब्दांनी बाटली हलवायची, नाहीतर पहिली ओळ चमकते आणि तिसरी नुसतीच पिवळी. मी शाई बाटलीतून थेट घेतच नाही, लहान मुलांच्या औषधाच्या सिरपवर ते मापाचं झाकण येतं ना, त्यात दोन मिली ओतते आणि जुन्या ब्रशच्या दांडीने ढवळत राहते.

आता ऐका फजिती. संक्रांत म्हणजे काळा रंग, वर्षातला एकच सण जिथे काळं घालायला कुणी नाक मुरडत नाही, आणि भाचीच्या बाळाचं पहिलं बोरनहाण, तर मी ठरवलं काळ्या कार्डशीटवर हलव्याचे दागिने काढायचे आणि गोल्ड स्टारने नाव लिहायचं. तीस कार्डं कापून, घड्या घालून तयार. टाक बुडवला, लिहिलं, ओलं असताना झकास दिसलं. वाळलं आणि गायब! म्हणजे उजेडाला तिरकं धरलं तर चमकीचे चार कण दिसतात, सरळ बघितलं तर कोरं काळं कार्ड. डाय शाई, म्हणजे जिच्यात रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो ती, पारदर्शक असते हे मला पुस्तकी माहीत होतं हो, पण उत्साहात डोकं कुठे चालतं. पारदर्शक शाईला खालचा कागद उजळ लागतो, काळ्यावर तिचा रंग दिसायला जागाच नाही. काळ्यावर लिहायचं तर पांढरं जेल पेन, पोस्टर कलर पातळ करून, नाहीतर ते अभ्रकाचे वॉटरकलर मिळतात ते. शेवटी हलव्याचे दाणे पांढऱ्या जेल पेनने टिंब टिंब करत काढले, रात्री दीड वाजेपर्यंत, आणि नावासाठी क्रीम कागदाची पट्टी चिकटवून त्यावर गोल्ड स्टार. वाईट नाही दिसलं. भाचीला वाटलं तशीच डिझाइन आहे. तिला सांगू नका.

टाकाबद्दल. या शाया पेनमधून वाहायला केलेल्या, त्यामुळे पातळ. टाकाच्या निबवर थांबतच नाहीत, पहिल्या रेघेला भसकन सगळी शाई खाली आणि मोठा ठिपका. यावर जुना उपाय, डिंक. बाभळीचा डिंक, लाडवात घालतो तोच, रात्रभर पाण्यात भिजवून गाळून घ्यायचा आणि झाकणातल्या दोन मिलीत एक थेंब. शाई निबला धरून राहते, रेघ कडक येते, आणि गंमत म्हणजे वाळल्यावर किंचित जास्त चकाकते. दोन थेंब घातले तर निब चिकटते. आणि डिंक घातलेली उरलेली शाई परत बाटलीत अजिबात ओतायची नाही, बुरशी धरते, आणि पेनमध्ये तर चुकूनही नाही, पेन कायमचं बसेल. शिमरवाली शाई तशीही पेनमध्ये भरून विसरू नये म्हणतात, चमकी अडकते, पण टाकाला काय, कपभर पाण्यात बुचकळला की साफ. या बाबतीत आपण टाकवाले सुखी.

देवनागरी लिहायला मी बोरू वापरते, जाड अक्षराला. तिरकस काटाचा, आपला काट इंग्रजीच्या उलटा, हे ज्यांनी शाळेत बोरू गिरवलाय त्यांना सांगायला नको. बोरूवर रोस्टेड चेस्टनट म्हणजे काय सांगू, बोरूत शाई सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी उतरते ना, त्यामुळे एकाच काना मात्रेत वर दाट तपकिरी आणि खाली फिकट, जुन्या पोथीच्या पानासारखं. ही साधी शाई आहे, ना चमकी ना धूपछाव, फोटोत कुणी तिच्याकडे बघणार नाही, आणि सात बाटल्यांत सगळ्यात जास्त संपली ती हीच. मुंजीच्या दोन पत्रिका हिच्यातच केल्या. कँडल लाइट उलट, नाव इतकं गोड, रंग फिकट केशरी, बारीक निबने लिहिलं तर आजोबांना वाचता येत नाही. ती फक्त वॉशला, म्हणजे पाण्यात पसरवून ब्रशने रंगवायला.

वॉश हा मात्र या शायांचा खरा दिवाळीचा फराळ आहे. कारण एका शाईत दोन तीन रंग मिसळलेले असतात आणि भरपूर पाणी लागलं की ते एकमेकांपासून सुटायला लागतात. 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, वॉटरकलर कागद, आधी स्वच्छ पाण्याने ओला करायचा, मग ब्रशच्या टोकाने एक थेंब विंटर मिरॅकल. कडा कुठे गुलाबी होतात, कुठे निळ्या, आणि चमकी पाण्याबरोबर वाहत जाऊन कडेला रेघ धरते. प्रत्येक कार्ड वेगळं, ठरवून करता येत नाही. याच्या आधी एक युक्ती करते मी: पारदर्शक चिकट पॅडने 'शुभ दीपावली' चा शिक्का मारायचा, त्यावर पारदर्शक एम्बॉसिंग पावडर, हीट गनने वितळवायची, मग वरून वॉश. अक्षरांवर शाई चढतच नाही, कागदाचा पांढरा तसाच राहतो, आजूबाजूला जांभळं आभाळ. वरची शाई टिश्यूने टिपायला विसरू नका, अक्षरांवर थेंब बसून राहतात. साधा प्रकार वाटतो पण लोक या कार्डाबद्दल विचारतात 'प्रिंट केलंय का'.

आणखी एक, घरातलं ब्लीच, कपड्याचं. वॉश पूर्ण वाळला की जुन्या खराब निबने किंवा काडीने ब्लीच पाण्यात पातळ करून लिहायचं, शाई तिथे उडते आणि अक्षर उजळ उमटतं, काही शायांत पांढरं, काहींत पिवळसर सोनेरी. प्रत्येक शाईचं वेगळं, आधी चिठोऱ्यावर बघा. खिडकी उघडी ठेवा, चांगली निब घालवू नका, आणि मुलांना देऊ नका. आणि तोच ब्रश परत शाईच्या बाटलीत घालू नका, हे मी का सांगतेय ते ओळखा. पोलर ग्लोची अर्धी बाटली.

शिक्के मारायला मात्र ही शाई नाही, सरळ नाही. मी स्पंजवर ओतून बघितली, रबरावर पाण्यासारखे थेंब धरते, कागदावर नुसते डाग. शिक्क्याला पॅडचीच शाई हवी, ती दाट असते. कुणी सांगत असेल की एका बाटलीत सगळं होतं तर त्याने केलेलं नसतं.

पाण्याचं सांगायलाच हवं. या सगळ्या शाया पाण्याने जातात, तेच तर वॉशचं सुख, पण पोस्टाने पाठवताना तेच दुःख. मागच्याच्या मागच्या जुलैत रत्नागिरीच्या आत्याला पंचाहत्तरीचं कार्ड पाठवलं, आणि शहाणपणा असा की पाकिटावरचा पत्तापण जॅक फ्रॉस्टने, सुंदर वळणदार. कोकणातला जुलै. कार्ड पोचलं कसं हे मला अजून कळलेलं नाही, पाकिटावर फक्त एक जांभळं-निळं ढगासारखं काहीतरी आणि पिनकोडचे शेवटचे तीन आकडे, जे मी बॉलपेनने खोडून दुरुस्त केले होते म्हणून उरले. पोस्टमनकाका आत्याला म्हणाले, असली रंगीत पाकिटं तुमच्याकडेच येतात म्हणून आणलं. त्यांना देवगडचा आंबा दिला पाहिजे. तेव्हापासून पत्ता बॉलपेनने किंवा वॉटरप्रूफ काळ्या पिगमेंट शाईने, आणि हौसच असेल तर रंगीत शाईने लिहून वाळल्यावर वरून देवघरातली मेणबत्ती हलक्या हाताने घासायची, थोडंफार पाणी सोसतं. आतल्या कार्डाला पारदर्शक पाकीट.

उन्हाचंही तेच, कुठलीही डाय शाई उन्हात विटते. फ्रेम करून भिंतीला लावायचं असेल, लग्नाचा वाढदिवस वगैरे, तर ही शाई वापरू नका, किंवा उन्हाच्या भिंतीला लावू नका म्हणून सांगा. पाकिटात, ट्रंकेत, पुस्तकाच्या पानात राहणारं कार्ड असेल तर काळजी नाही.

मग घ्यावी का? माझं मत, कार्ड करत असाल तर पूर्ण खोका नको. खोका ही भेट द्यायची वस्तू आहे, घरात मूल असेल, रोज सकाळी एक खिडकी उघडायची, रंगाचा ठिपका कागदावर काढायचा, बहिणीची मुलगी डिसेंबरभर तेच करते आणि मला फोटो पाठवते, तो आनंद निराळा आणि त्याची किंमत मी काढणार नाही. पण 12 मिली बाटलीत वॉश करायला घेतलात तर दहा पंधरा कार्डांत बाटली खलास, आणि पुढच्या कार्डाला तो रंग नाही. त्यापेक्षा मागच्या खोक्यांतले तीन रंग 50 मिलीत घ्या. एक साधा, एक शिमर, एक शीन. मी परत घेतले तर रोस्टेड चेस्टनट, विंटर मिरॅकल आणि हॉली. नुसतं टाकाने लिहायला 50 मिली मला दोन वर्षं पुरलीय आणि अजून तळाला आहे.

आणि आपल्याकडे काही नाही असंही नाही. केरळातल्या पथनमथिट्टाच्या कृष्णा इंक्सच्या शाया बघा, त्यांची जंगल व्होल्कॅनो नावाची नारिंगी आहे, हिरव्या धूपछावची, ती ट्रेसिंग पेपरवर हॉलीला घाम फोडते. कोलकात्याची सुलेखा, 1934 सालची, स्वदेशीच्या काळातली, पुन्हा शाया काढतेय. आणि कॅमलिन तर आपल्याच दांडेकरांनी 1931 साली मुंबईत घोडा छाप शाईच्या पुडीपासून सुरू केलेलं, माझ्या आजोबांच्या टाकाला तीच पुडी होती. मला कधीपासून वाटतंय की कुणीतरी नवरात्राचा नऊ बाटल्यांचा खोका काढावा. रोज एक. मोरपंखी, अबोली, चिंतामणी, आमसुली, नावं तर आपल्याकडे पैठणीच्या दुकानात तयार पडलीत, हॉली आणि फ्रॉस्टपेक्षा कितीतरी गोड. दसऱ्याच्या दिवशी मोठी बाटली, सोनेरी, आपट्याच्या पानावर लिहायला. कुणी काढत असेल तर मी पहिली गिऱ्हाईक, आणि तेव्हा मात्र 'शेवटचे 3 शिल्लक' बघून मी नक्की घाबरेन.

बहिणीचा परवा फोन होता, यंदा कुठला रंग आणू. म्हटलं पोलर ग्लो आण, ब्लीचची गोष्ट तिला सांगितली नाही. ती म्हणाली पुरणपोळ्या तीस लागतील.